गोड्या पाण्याची सवय आणि समुद्र

आमच्या बैठकीच्या खोलीत गेली बारा वर्षे गोड्या पाण्याची एक काचपेटी आहे. तीत गप्पी आहेत, दोन-चार गोल्डफिश आहेत आणि कोणी न आणलेल्या गोगलगाई आहेत. आमच्या हलगर्जीपणाला ही मंडळी इतकी सरावली, की मासे पाळणे आपल्याला जमते असे आम्हांला वाटू लागले. शाळेच्या सहलीत मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिल्यापासून समुद्री माशांचे रंग मनात होतेच. तेव्हा आम्ही विकतचे समुद्री मीठ मोजून पाण्यात विरघळवले, क्षारता तपासली आणि चौथ्या दिवशी तीन नारिंगी क्लाउनफिश आणून सोडले. आठवडा सरण्यापूर्वी तिन्ही गेले. पाणी दिसायला स्फटिकासारखे स्वच्छ होते, याचे दुःख अधिक झाले.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. रसायनशास्त्राशी आमचा संबंध कधीच सुटलेला. चूक कुठे झाली हे कळण्यासाठी आम्ही आमच्या सवयीप्रमाणे इतिहासाकडे वळलो. तेव्हा लक्षात आले, की गोड्या पाण्याचा अनुभव गाठीशी बांधून समुद्राकडे जाण्याची ही वाट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये पडली आहे.

रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनच्या अपोथेकरीज हॉलमधला रसायनतज्ज्ञ. १८४९ साली त्याने बारा गॅलनांच्या काचपात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. मासा जो वायू सोडतो तो वनस्पती घेते आणि माशाला हवा तो प्राणवायू परत देते, हे तत्त्व त्याला पडताळायचे होते. पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. मग त्याने डबक्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि त्यांची अंडी माशांच्या पोटात गेली. १८५० साली त्याने हा समतोल केमिकल सोसायटीपुढे मांडला. (आमच्या बिनबोलावलेल्या गोगलगाईंबद्दलचा आदर हे वाचून एकदम वाढला.)

१८५२ मध्ये हाच वॉरिंग्टन समुद्राच्या पाण्याकडे वळला. नियम तोच राहील, फक्त पात्रे बदलतील, अशी त्याची अपेक्षा. व्हॅलिसनेरियाच्या जागी समुद्री शेवाळ घालायचे, एवढेच. पण तांबड्या आणि तपकिरी शेवाळांनी त्याला दाद दिली नाही. हिरव्या जातींवर काम कसेबसे चालू लागले.

त्याच्याही आधी, १८४६ मध्ये, अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्की येथून जिवंत प्रवाळ लंडनला आणले होते. वाटेत ते हेलकावू नयेत म्हणून त्यांनी ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचले. पती वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत मोठे धर्माधिकारी. घर समुद्रापासून दूर, तेव्हा पाणी रोज बदलणे अशक्य. म्हणून उघड्या खिडकीपाशी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळेल. हे काम घरातली मोलकरीण करी. मत्स्यपेटीच्या इतिहासात हवेच्या पंपाचा मान खरे तर तिचा. तिचे नाव मात्र या हकिकतीत नाही. १८४७ मध्ये थिनबाईंनी त्या पाण्यात समुद्री शेवाळही ठेवले. त्यांची हकिकत छापून आली ती १८५९ साली, म्हणजे श्रेय वाटून झाल्यावर.

श्रेय गेले ते फिलिप हेन्री गॉस याच्याकडे, आणि ते अगदीच अनाठायी नव्हते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जे 'फिश हाउस' उघडले, त्यासाठी त्याने समुद्री प्राणी पुरवले. पुढच्याच वर्षी त्याचे 'द अ‍ॅक्वेरिअम' हे पुस्तक आले आणि तो शब्द रूढ झाला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा! आपला 'मत्स्यालय' हा शब्द त्याहून प्रतिष्ठित खरा. पण त्या काळच्या समुद्री पेट्यांतले मानकरी मासे नसून समुद्रफुले होती, ती आपल्या शब्दात मावत नाहीत.

१८५४ मध्येच गॉसने कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली: साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशिअम क्लोराइड आणि पोटॅशिअम क्लोराइड. आम्हांला खिळवून ठेवले ते या कृतीच्या पुढच्या भागाने. पाणी तयार झाल्यावर त्याने त्यात किनाऱ्यावरचे दगडगोटे आणि हिरवे शेवाळ ठेवले आणि आठवडाभर एकही प्राणी सोडला नाही. शेवाळाचे अदृश्य बीजाणू पाण्यात पसरावेत, असा त्याचा हिशेब. हिशेब अर्धवट होता, पण थांबणे बरोबर होते.

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट. हे जीवाणू दगडांवर, वाळूवर, काचेवर वस्ती करतात आणि ती वस्ती वसायला काही आठवडे लागतात. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्झ यांनी सांडपाणी वाळूतून झिरपवून हे काम सजीवांचे आहे हे दाखवले. १८९०च्या सुमारास विनोग्राड्स्कीने ते जीवाणू वेगळे काढले. गॉस आणि वॉरिंग्टन यांच्या पेट्या जगल्या, त्यात शेवाळाइतकाच त्या मुक्या दगडांचाही वाटा असला पाहिजे.

आमच्या बारा वर्षांच्या यशाचे गुपितही इथेच उलगडले. गोडे पाणी बहुधा उदासीनतेच्या आसपास असते. तिथे अमोनिया बराचसा अमोनिअमच्या सौम्य रूपात राहतो आणि वनस्पती तो शोषूनही घेतात. समुद्राचे पाणी अल्कधर्मी, सामू ८.१च्या घरात, तिथे त्याच अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात असतो. शिवाय खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. म्हणजे आम्हांला मासे पाळता येत होते असे नाही. गोडे पाणी आम्हांला सांभाळून घेत होते.

लंडनकरांनाही हे पेट्या फसल्यावरच जाणवले असणार. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला होता, आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोचली होती, आणि गॉसची पुस्तके वाचून सुट्टीला गेलेली कुटुंबे छिन्न्या-बादल्या घेऊन खडकांवर उतरली. घरच्या पेटीतले मेले, की पुन्हा किनारा होताच. या हौसेला ओहोटी लागेपर्यंत डेव्हनचे खडक खरवडले गेले होते. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७च्या आपल्या आत्मकथनात त्याबद्दल विषादाने लिहिले आहे: वडिलांनी ज्यांचे सौंदर्य लोकांना दाखवले, ती डबकी त्या लोकांनीच ओरबाडली. बापाच्या पुस्तकाचे असे परीक्षण दुसऱ्या कोणा मुलाला लिहावे लागले असेल असे वाटत नाही.

आमचे तीन क्लाउनफिश कोणत्या समुद्रातले, की कोणाच्या हौदात जन्मलेले, हे आम्ही दुकानात विचारलेही नव्हते. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे आहे आणि २००१ मध्ये प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. तेव्हा समुद्रातले जिवंत खडक उचलून पेटी लवकर वसवण्याचा मार्ग आमच्यापुढे नाही, आणि एडमंड वाचल्यावर तो हवासाही वाटत नाही. कोरडे सच्छिद्र दगड, कृत्रिम पाणी, चिमूटभर अमोनिया आणि वाट पाहणे, एवढेच हाती आहे.

पेटी पुन्हा मांडली त्याला आज एकोणतीस दिवस झाले. अमोनिया उतरला, नायट्राइट अजून चढाच आहे. घरी येणारे मासे कुठे आहेत म्हणून विचारतात. आम्ही त्यांना काचेवर धरलेला तपकिरी थर दाखवतो. ते चहा घेतात आणि गप्पींच्या पेटीकडे खुर्ची वळवतात.