सेंट थॉमस रुग्णालय, लंडन : वास्तुइतिहास

लंडनच्या लॅम्बेथ भागात टेम्स नदीच्या काठी, ब्रिटिश संसदभवनाच्या अगदी समोर असलेले मोठे सार्वजनिक रुग्णालय. वास्तुकार हेन्री करी (१८२०–१९००). राणी व्हिक्टोरियाने १३ मे १८६८ रोजी कोनशिला बसवली आणि २१ जून १८७१ रोजी तिच्याच हस्ते उद्घाटन झाले. मध्ये मोकळी जागा सोडून समांतर उभ्या केलेल्या वॉर्डांच्या इमारती आणि त्यांना जोडणारी लांब मार्गिका या ‘पॅव्हिलियन’ रचनेचे हे ब्रिटनमधील सर्वांत ठळक उदाहरण मानावे लागेल. या वास्तूचा इतिहास बहुधा एकाच पद्धतीने सांगितला जातो : रोग दूषित हवेतून पसरतो या समजुतीवर ती बांधली गेली, पुढे जंतूंचा शोध लागला, समजूत खोटी ठरली आणि तिच्याबरोबर रचनाही मागे पडली. ही मांडणी सुटसुटीत असली तरी घटनांच्या क्रमाशी जुळत नाही. समजूत गेल्यानंतर या रचनेचा एक भाग लवकर सुटला, तर दुसरा भाग अर्धे शतक तरी भक्कम टिकून राहिला. काय सुटले आणि काय टिकले हे नीट पाहिले, तर या इमारतीचा टिकाऊ पाया परिचारिकेच्या देखरेखीत होता, असे म्हणावे लागते.

रुग्णालयाची संस्था बाराव्या शतकापासूनची. तिचे जुने ठिकाण लंडन ब्रिजजवळच्या सदर्क भागात होते. तिथल्या चर्चच्या माळ्यावर १८२२ मध्ये केलेले शस्त्रक्रियागृह आजही पाहायला मिळते. हे ठिकाण सुटले ते आरोग्याच्या कारणाने नव्हे, रेल्वेमुळे. चेअरिंग क्रॉसपर्यंत लोहमार्ग नेण्यासाठी १८५९ मध्ये कायदा झाला. त्या मार्गाला रुग्णालयाच्या आवाराचा थोडाच भाग लागणार होता. पण आगगाड्यांच्या शेजारी रुग्ण ठेवता येणार नाहीत, घ्यायची तर सगळीच जागा घ्या, असा आग्रह विश्वस्तांनी धरला आणि सुमारे तीन लाख पौंड पदरात पाडून घेतले. १८६२ पासून पुढची नऊ वर्षे रुग्णालयाचा कारभार सरे गार्डन्समधल्या करमणुकीच्या जागेत तात्पुरता चालला. नवे रुग्णालय कुठे असावे यावर मोठा वाद झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे मत ते शहराबाहेर मोकळ्या हवेत न्यावे असे होते. रुग्ण कुठून कुठून येतात याची आकडेवारी मांडून, दूर गेल्याने फारसे बिघडणार नाही, असे दाखवण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. उलट बाजूला जॉन सायमन यांच्यासारखे डॉक्टर होते. गरिबांच्या वस्तीपासून आणि वैद्यकीय शिक्षणाच्या केंद्रापासून दूर जाणे त्यांना मान्य नव्हते. अखेर नदीकाठची साडेआठ एकरांच्या आसपासची जागा घेतली गेली. तिचा बराच भाग आल्बर्ट बंधाऱ्याच्या कामात नदीतून काढलेल्या भरावाचा होता. हवेच्या सिद्धान्ताची सर्वांत मोठी पुरस्कर्ती जागेच्या प्रश्नावर हरली, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

करी यांनी या जागेवर वॉर्डांच्या सहा इमारती नदीच्या प्रवाहाशी काटकोनात उभ्या केल्या. दोन इमारतींमध्ये १२५ फुटांचे अंतर राखले. शैली इटालियन वळणाची, भिंती लाल विटांच्या, कडा पोर्टलंडच्या फिकट दगडाच्या. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला संसदेसमोर आपले रूप भारदस्त दिसावे असे वाटणे स्वाभाविक होते आणि या दर्शनी बाजूवर खर्चही सढळ हाताने झाला. वास्तूचे मर्म मात्र आतल्या वॉर्डात आहे. वॉर्ड १२० फूट लांब, २८ फूट रुंद आणि १५ फूट उंच. त्यात दोन्ही लांब भिंतींना लागून चौदा-चौदा, म्हणजे २८ खाटा. गुणाकार केला तर वॉर्डाचे घनफळ ५०,४०० घनफूट येते आणि एका खाटेच्या वाट्याला बरोबर १,८०० घनफूट हवा येते. वॉर्डाची लांबी-रुंदी या हिशेबातूनच बेतली आहे. समोरासमोरच्या उंच खिडक्यांतून वारा आरपार जातो. संडास, न्हाणी आणि मोऱ्या वॉर्डात नाहीत. त्या दूरच्या टोकाला, कोपऱ्यातल्या बुरुजांत काढल्या आहेत आणि मधल्या हवेशीर बोळामुळे तिथली घाण हवा आत येत नाही. दाराशी सिस्टरची खोली, आणि तिच्या भिंतीत वॉर्डाकडे उघडणारी खिडकी. त्या खिडकीशी उभे राहिले की अठ्ठावीसही खाटा एका नजरेत येतात.

पॅव्हिलियन रचनेची कल्पना करी यांची नाही आणि नाइटिंगेल यांचीही नाही. पॅरिसचे ऑतेल-द्यू रुग्णालय १७७२ मध्ये जळाल्यानंतर नवी रचना कशी असावी यावर फ्रान्समध्ये बराच खल झाला. त्यात शल्यचिकित्सक झाक तनाँ यांनी १७८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांचे वजन मोठे होते. प्लिमथजवळच्या स्टोनहाउसचे नौदल रुग्णालय, म्हणजे सुट्या इमारतींची तशीच रचना, त्यांनी स्वतः जाऊन पाहिले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पॅरिसला लारिब्वाझिएर रुग्णालय याच तत्त्वावर उभे राहिले. इंग्लंडमध्ये मँचेस्टरचे डॉक्टर जॉन रॉबर्टन आणि ‘द बिल्डर’चे संपादक जॉर्ज गॉडविन यांनी तिचा पाठपुरावा केला. क्रिमियाहून परतलेल्या नाइटिंगेल यांनी ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ (१८५९) या पुस्तकातून तिला लोकमान्यता दिली.

हे पुस्तक हवेवरच लिहिले आहे अशी त्याची ख्याती आहे. त्यात हवेवर पानेच्या पाने आहेत हेही खरे. पण वॉर्डात किती खाटा असाव्यात हा प्रश्न आला की युक्तिवाद बदलतो. हवा हेच एकमेव माप असते, तर आठ-आठ खाटांच्या चार खोल्यांना तेवढेच घनफळ देऊन काम भागले असते. खोली जितकी लहान तितका संसर्गाचा आवाका कमी, हेही सहज म्हणता आले असते. नाइटिंगेल यांनी वीस ते बत्तीस खाटांचा वॉर्ड मागितला. त्यांनी दिलेले कारण उघडपणे कामाच्या व्यवस्थेचे आहे : एका खोलीतल्या बत्तीस रुग्णांवर एक प्रमुख परिचारिका लक्ष ठेवू शकते, चार खोल्यांत विभागलेल्या तेवढ्याच रुग्णांवर ठेवू शकत नाही. कोनाडे, आडोसे आणि नजरेआडच्या खोल्या नकोत, हा त्यांचा आग्रहही याच विचारातून आला. नाइटिंगेल निधीतून चालणारी परिचारिकांची शाळा याच रुग्णालयात १८६० मध्ये, मेट्रन सेरा वॉर्ड्रोपर यांच्या हाताखाली सुरू झाली होती. म्हणजे करी यांनी आराखडा केला तेव्हा, शिस्तीत काम करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका हे या संस्थेत प्रत्यक्ष चालू असलेले काम होते.

इमारतीच्या रचनेने रोग आटोक्यात येतो या विश्वासाला पहिला जोराचा धक्का रुग्णालयाचे बांधकाम चालू असतानाच बसला. एडिंबरोचे जेम्स यंग सिम्पसन यांनी १८६९ मध्ये हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रियांचे आकडे मांडले. मोठ्या रुग्णालयांत अशा रुग्णांपैकी सुमारे ४१ टक्के दगावत होते, खेड्यापाड्यांत सुमारे ११ टक्के. त्यांचा रोख मोठ्या रुग्णालयांच्या विरोधात होता. जोसेफ लिस्टर यांचा अनुभव अधिक बोलका आहे. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत १८६१ मध्ये शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी नवी इमारत झाली. तरीही तिथल्या वॉर्डांत जखमा सडणे आणि रक्तात विष भिनणे थांबले नाही. भिंतीलगत १८४९ च्या कॉलऱ्यात दगावलेल्यांच्या शवपेट्या जमिनीखाली फार खोल नसल्याचेही आढळले. लिस्टर यांनी १८६७ मध्ये जंतुनाशक पद्धत जाहीर केली आणि १८७० मध्ये आपल्या वॉर्डांत पडलेला फरक नोंदवला. इमारत तीच, हवाही तीच, पण जखमा बऱ्या होऊ लागल्या. रूढ इतिहासाच्या हिशेबाने पॅव्हिलियन रचना इथेच संपायला हवी होती.

ती संपली नाही. तिचे दोन भाग मात्र वेगळे झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयासाठी आल्फ्रेड वॉटरहाउस यांना जागा फारच तुटपुंजी मिळाली होती. १८९७ ते १९०६ या काळात झालेल्या त्या इमारतीत त्यांनी इमारतींमधल्या अंतराचा नाद सोडला आणि मधल्या गाभ्यातून फुलीसारख्या निघणाऱ्या चार बाहूंत वॉर्ड एकावर एक रचले. विल्यम हेनमन यांनी १८९७ मध्ये पूर्ण झालेल्या बर्मिंगहॅम जनरल रुग्णालयात यंत्राने हवा आत ढकलण्याची सोय केली. त्यानंतर १९०३ च्या बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात एक पाऊल पुढे टाकून त्यांनी वॉर्ड एकमेकांना चिकटवून मांडले आणि वरून उजेड घेतला. तिथे प्रचंड पंखे बाहेरची हवा काथ्याच्या ओल्या दोरांच्या पडद्यातून ओढून घेत. उन्हाळ्यात आपण खिडकीला लावतो त्या वाळ्याच्या ताट्यांचीच ही युक्ती, वाफेच्या इंजिनावर चालवलेली. १२५ फुटांच्या अंतराची गरज तिथे पूर्ण संपली. आत मात्र तोच लांब वॉर्ड, खाटांच्या त्याच दोन रांगा, एका परिचारिकेच्या नजरेत मावणारी तीच खोली. हवेसाठी केलेला भाग यंत्र येताच गळून पडला, पण देखरेखीसाठी केलेला भाग कोणाला सोडवेना.

या मतावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की लारिब्वाझिएरमध्येही असेच लांब वॉर्ड होते आणि तिथे नाइटिंगेल यांच्या प्रशिक्षित परिचारिका नव्हत्या, जोगिणी होत्या. म्हणून वॉर्डाचा आकार परिचारिकेच्या व्यवसायातून आला असे म्हणता येत नाही. तसे म्हणण्याची गरजही नाही. पॅरिसच्या बत्तीस खाटांच्या वॉर्डावरही एका जोगिणीचीच देखरेख असे. आकार जुना असेल, तर देखरेखीचे काम त्याहून जुने आहे. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे : सिद्धान्त चुकीचा असला तरी खाटांमधले अंतर आणि वाहती हवा प्रत्यक्षात उपयोगी होती, श्वासातून पसरणाऱ्या रोगांना त्यामुळे नक्कीच आळा बसला असेल. हे मान्य करायलाच हवे, आणि करी यांच्या वॉर्डाला ते श्रेय देणे न्याय्यही आहे. पण उपयोगी असणे आणि टिकून राहण्याचे कारण असणे या दोन गोष्टी वेगळ्या. उपयोग हवेपुरता असता, तर हवेची सोय दुसऱ्या मार्गाने झाल्यावर वॉर्डाचा आकारही मोकळा झाला असता. बेलफास्टमध्ये तसे झाले नाही.

देखरेखीलाही किंमत होती आणि ती रुग्णाने मोजली. वॉर्डात कुठलाच आडोसा नसल्यामुळे एकाचे कण्हणे, एकाची शुश्रूषा, एकाचा मृत्यू सगळ्यांच्या समोर घडे. धर्मादाय खाटेवरच्या गरिबाला निवड नव्हती. १८८१ मध्ये याच रुग्णालयाने पैसे देणाऱ्या रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला, तेव्हा एकांताला भाव असल्याचे संस्थेनेही एका अर्थी कबूल केले.

१९४० च्या बॉम्बवर्षावात उत्तरेकडच्या तीन इमारती गेल्या. त्या बाजूला १९६० आणि ७० च्या दशकांत नव्या इमारती झाल्या. दक्षिणेकडच्या तीन मूळ इमारती उरल्या असून त्यांना वारसावास्तू म्हणून संरक्षण आहे. लांब वॉर्डाला खरा पर्याय ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात पुढे आला. नफील्ड न्यासाच्या अभ्यासगटाने १९५५ च्या अहवालात आधी परिचारिकांचे काम तपासले, त्यांची पावले आणि फेऱ्या मोजल्या, आणि मग वॉर्ड लहान लहान कप्प्यांत विभागणारी रचना सुचवली. तोवर रुग्ण लवकर उठून हिंडूफिरू लागले होते, प्रतिजैविके आली होती आणि परिचारिका गटाने काम करू लागल्या होत्या. जंतूंच्या शोधानंतर सत्तर वर्षे तग धरून राहिलेला वॉर्ड परिचर्येची पद्धत बदलल्यावर हलला. जिथे एका परिचारिकेला अजूनही तीस-चाळीस रुग्ण सांभाळावे लागतात तिथे तो आजही हललेला नाही. मुंबई-पुण्याच्या सार्वजनिक रुग्णालयांतील जनरल वॉर्डांत खाटांच्या त्या दोन रांगा आणि दाराशी सिस्टरचे टेबल आहे ते याच कारणाने.