भट्टीचा रंग, चेहऱ्याचा रंग

भिलाईच्या सुपेला बाजारपेठेतील एखाद्या फोटो स्टुडिओत छायाचित्राचा व्हाइट बॅलन्स, म्हणजेच श्वेतसंतुलन, साधताना पडद्यावर ‘केल्विन’ हे एकक दिसते. रंगाला तापमानाचे एकक का, याचा उलगडा शहराच्या पोलाद कारखान्यात होतो. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तापणारे लोखंड आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरे दिसते. लोहारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्याचे गणित मात्र १९०० साली बर्लिनमध्ये माक्स प्लांक यांनी मांडले. त्यांच्या हाताशी होती ती तेथील सरकारी मापनसंस्थेतील निरीक्षणे, आणि या संस्थेला दिव्यांच्या प्रकाशाचे प्रमाण ठरवायचे होते.

भट्टीतून वाहणारे लोखंड सुमारे १,८०० केल्विन, तारेचा दिवा २,८००, दुपारचे ऊन ५,५००. आकडा चढेल तसा प्रकाश निळसर होतो. संपादनात मात्र आकडा वाढवला की चित्र पिवळे पडते, कारण प्रकाश निळा होता असे समजून संगणक तो निळेपणा काढून टाकतो. नवशिके येथेच गोंधळतात.

प्रकाशाचे मोजमाप असे भौतिकशास्त्राने निश्चित केले. त्वचेच्या वाट्याला तेवढी काळजी आली नाही. मूकपटांच्या काळातील फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती, त्यामुळे सावळा चेहरा होता त्याहून काळा उमटे. व्ही. शांताराम यांनी ‘प्रभात’चा ‘सैरंध्री’ (१९३३) रंगीत व्हावा म्हणून जर्मनीत प्रक्रियेला नेला. रंग भडक उतरले आणि प्रयोग फसला. पुढे कोडॅक कंपनीने छपाईयंत्रे जुळवण्यासाठी ‘शर्ली कार्ड’ वापरात आणले. त्यावर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. तिची त्वचा नीट उमटली की यंत्र बरोबर, असा दंडक होता. तीच फिल्म जगभर विकली जाई. तपकिरी छटांतील उणिवेबद्दल चॉकलेट आणि लाकडी सामानाच्या जाहिरातदारांनी कुरकुर केली, तेव्हा कंपनीने लक्ष घातले असे सांगतात. माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा कपाटांची दाद आधी लागली. अनेक वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डे १९९०च्या दशकात आली.

डिजिटल कॅमेऱ्यातही एक गृहीतक दडलेले आहे. दृश्यातील सर्व रंगांची सरासरी राखाडी असते, असे मानणारी पद्धत बुक्सबाउम यांनी १९८० साली मांडली. मराठी लग्नातील हळदीच्या प्रसंगी ती सपशेल चुकते. पिवळी साडी, पिवळी फुले, गालांवर हळद. हा सारा प्रकाशाचाच दोष समजून कॅमेरा निळा रंग मिसळतो आणि नवरीचा चेहरा राखेसारखा दिसतो. स्टुडिओत मग तो ‘उजळला’ जातो, म्हणजे एका चुकीवर दुसरी चढते. वास्तविक मेलॅनिन आणि रक्तातील हिमोग्लोबिन यांमुळे गोऱ्या-सावळ्या त्वचांची रंगछटा बरीच जवळची असते. मोठा फरक असतो तो उजळपणात. म्हणून आधी श्वेतसंतुलन साधावे आणि उजळपणाला हात लावू नये. त्यासाठी हळद लागण्यापूर्वी, त्याच प्रकाशात, नवरीच्या हाती १८ टक्के परावर्तनाचे राखाडी कार्ड देऊन एक छायाचित्र घेतले तरी पुरते.