दुकानाच्या उंबरठ्यावर

हिंसाचाराविरुद्ध आवाज उठविणारी ख्रिस्तसभा सहसा दोन दारे ठोठावते : एक राज्यकर्त्यांचे, दुसरे पापी माणसाच्या अंतःकरणाचे. अमेरिकेतील काही ख्रिस्ती मंडळींनी तिसरेच दार निवडले, बंदुका विकणाऱ्या दुकानदाराचे. त्या प्रयत्नाची ही हकिकत आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे सर्वसामान्य कुटुंबाचा बंदुकीच्या दुकानाशी उभ्या आयुष्यात संबंध येत नाही. अमेरिकेत असे दुकान भर रस्त्यावर असते. १९६८ च्या कायद्यानुसार दुकानदाराने केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो आणि गिऱ्हाइकाकडून अर्ज भरून घ्यावा लागतो. १९९८ पासून गिऱ्हाइकाचा पूर्वेतिहास तात्काळ तपासण्याची सोयही झाली आहे. पण या तटबंदीला एक चोरवाट आहे. ज्याच्यावर गुन्हा सिद्ध झाला आहे असा माणूस स्वतः दुकानात येत नाही. तो आपल्या मैत्रिणीला किंवा नात्यातल्या कोणा निष्कलंक माणसाला पुढे करतो. आपल्याकडे जमिनीचे व्यवहार बेनामी होतात, तशीच ही बेनामी खरेदी. कायद्याने ती गुन्हाच आहे. परंतु कागदपत्रे चोख असतात, तपासणीत काही निघत नाही. संशय घेऊ शकतो तो एकटा दुकानदार. बाई एकाच आठवड्यात चार पिस्तुले घेते, पैसे बाहेर उभा असलेला पुरुष मोजून देतो, हे त्याच्याच डोळ्यांसमोर घडत असते.

येथे एक आकडा लक्षात घेण्याजोगा आहे. केंद्र सरकारच्या शस्त्र नियंत्रण खात्याने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, गुन्ह्यांत सापडलेल्या ज्या बंदुकांचा माग चालू दुकानांपर्यंत लागला, त्यांपैकी ५७ टक्क्यांहून अधिक बंदुका अवघ्या १.२ टक्के दुकानांतून बाहेर पडल्या होत्या. बहुसंख्य दुकानांपर्यंत एकही माग पोहोचला नव्हता. सगळा व्यापार एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल, हे यावरून उघड होते. आणि मूठभर दुकानांकडे बोट दाखविणे अन्यायाचे नाही, हेही.

मग कायदाच कडक का केला नाही? पेनसिल्व्हेनिया राज्यात शहरांना शस्त्रांविषयी स्वतःचे नियम करता येत नाहीत. फिलाडेल्फियाने केलेले निर्बंध राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली रद्द ठरविले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने शस्त्रांचे उत्पादक व विक्रेते यांना बहुतेक नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण दिले. जून २००८ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क असल्याचा निर्वाळा दिला. सरकारदरबारची वाट अशी अरुंद झाल्यावर उरला तो दुकानदाराचा विवेक.

शिकागोत ही मोहीम संत सबीना धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू फादर मायकेल फ्लेगर यांनी २००७ साली चालविली. रिव्हरडेल या उपनगरातील एका दुकानासमोर निदर्शने करताना जून महिन्यात त्यांना रेव्हरंड जेसी जॅक्सन यांच्यासह अटक झाली. त्याआधी मालकाविषयी बोलताना फादरांच्या तोंडून असे शब्द गेले की कार्डिनल फ्रान्सिस जॉर्ज यांना जाहीर नापसंती व्यक्त करावी लागली. आम्हांला कार्डिनलांचे म्हणणे पटते. ज्याच्या विवेकाला हाक मारायची, त्याला आधी माणूस म्हणून संबोधले पाहिजे.

फिलाडेल्फियाची रीत वेगळी होती. जानेवारी २००९ मध्ये क्वेकर, मेनोनाइट व ब्रेदरन या शांतिवादी पंथांचे लोक तेथे मेळाव्यासाठी जमले. मेळाव्याचे नाव होते ‘हीडिंग गॉड्स कॉल’, म्हणजे देवाच्या हाकेला प्रतिसाद. नुसत्या ठरावांवर त्यांचे समाधान झाले नाही. शहरातील स्प्रिंग गार्डन रस्त्यावर कोलोसिमो नावाचे जुने दुकान होते आणि गुन्ह्यांतील पुष्कळ बंदुकांचा माग तेथपर्यंत पोहोचत असे. दुकान बंद करा, अशी त्यांची मागणी नव्हती. दहा कलमांच्या एका आचारसंहितेवर मालकाने सही करावी, एवढेच त्यांचे मागणे होते. ही संहिता अमेरिकेतील महापौरांच्या एका संघटनेने वॉलमार्ट कंपनीबरोबर २००८ साली तयार केली होती. विक्रीचे चित्रीकरण करावे, तपासणीचे उत्तर हाती आल्याखेरीज बंदूक देऊ नये, मालाची नियमित मोजदाद ठेवावी, नोकरांची पार्श्वभूमी तपासावी, गुन्ह्यांत सापडलेल्या आपल्या बंदुकांची नोंद ठेवावी, अशी साधी कलमे तीत होती. प्रामाणिक वाण्यालाही जड जाऊ नयेत अशी!

मालकाने सही केली नाही. आपण कायद्याप्रमाणेच धंदा करतो, ही त्याची भूमिका. दुकानात व दारात ठाण मांडल्याबद्दल बारा जणांना अटक झाली. प्रार्थना मात्र थांबल्या नाहीत. गुड फ्रायडेला श्रद्धावंत दुकानासमोरच्या पदपथावर उपासनेसाठी जमले. आपण क्रुसाची वाट करतो, तेव्हा चौदा स्थाने मंदिराच्या भिंतींवर असतात. त्या दिवशी त्यांनी एक स्थान रस्त्यावर मानले. मे महिन्यात खटला उभा राहिला. आरोपींनी आपल्या श्रद्धेची साक्ष कोर्टात दिली आणि बाराही जण निर्दोष सुटले.

पुढे जे घडले ते कोणी मागितले नव्हते. त्याच वर्षी केंद्र सरकारने नोंदींतील गैरप्रकार व खोटी माहिती यांबद्दल दुकानावर आरोप ठेवले. ते कंपनीने कबूल केले आणि दुकान बंद झाले. पुष्कळांनी याला विजय म्हटले. आम्हांला ते अर्धेच यश वाटते. सही झाली असती तर एक दुकान बदलले असते आणि शेजारच्या दुकानदाराला उदाहरण मिळाले असते. बंद झालेल्या दुकानाचे गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, हा विक्रेत्यांचा युक्तिवाद अगदीच खोटा नाही.

कॅथलिक धर्मभगिनींनी पुढे आणखी शांत मार्ग काढला. काही संघांनी व कॅथलिक आरोग्यसंस्थांनी बंदुका बनविणाऱ्या कंपन्यांचे थोडे समभाग विकत घेतले, भागधारकांच्या सभेत बोलण्याचा हक्क मिळावा म्हणून. मे २०१८ मध्ये स्टर्म रुगर कंपनीच्या सभेत, आपल्या मालामुळे होणाऱ्या हिंसेचा कंपनी काय विचार करते याचा अहवाल द्यावा, हा ठराव संचालकांच्या विरोधाला न जुमानता बहुमताने संमत झाला.

फिलाडेल्फियाची मंडळी दुकान बंद झाल्यावर पांगली नाहीत. बंदुकीने बळी गेलेल्यांची नावे, वये व मृत्यूच्या तारखा सदऱ्यांवर लिहून ते सदरे चर्चच्या अंगणात खांबांवर चढवायचे, असा उपक्रम त्यांनी सुरू केला. काही दिवस ते एका चर्चसमोर उभे राहतात. मग तेथली माणसे ते उतरवितात, घड्या घालतात आणि पुढच्या चर्चच्या स्वाधीन करतात.