‘कात्रजचा घाट’ आणि मराठीतील सामान्यरूप

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवरील कात्रज या गावाने मराठीस ‘कात्रजचा घाट दाखविणे’ हा वाक्प्रचार दिला. १६६३ मध्ये शायिस्तेखानावरील छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पाठलाग करणाऱ्या मोगलांस या घाटाकडे चकविले, अशी आख्यायिका त्याच्या मुळाशी सांगितली जाते. तिची ऐतिहासिकता हा स्वतंत्र प्रश्न होय. भाषेच्या अभ्यासकास विचारार्ह आहे ते त्यातील ‘कात्रजचा’ हे रूप.

विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामात होणारा बदल म्हणजे सामान्यरूप. इंग्रजीच्या संसर्गामुळे ते लोपत चालले आहे, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ‘ऑफिसात’ऐवजी ‘ऑफिसमध्ये’, ‘टेबलावर’ऐवजी ‘टेबलवर’ ही तिची ठरलेली उदाहरणे. तक्रारीत तथ्य आहे. परंतु निदान अपुरे आहे.

परकीय शब्द सामान्यरूपास मुळातच विरोधी असता, तर फारसी-अरबीच्या द्वारे आलेल्या शब्दांनीही तो विरोध दाखविला असता. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत (१७४०–१७६१) कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने पुण्यातील हौदांत आणले गेले. ‘हौद’ हा शब्द मूळचा अरबी. पण ‘हौदात’, ‘हौदाचे’ म्हणताना कोणासही परकेपणा जाणवत नाही. ‘वकील’चे ‘वकिलाला’ होते आणि उपान्त्य दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनीही या प्रवृत्तीस मान्यता दिली. इंग्रजीतून आलेले ‘तिकीट’ आणि ‘पोलीस’ याच वाटेने गेले: ‘तिकिटाचे’, ‘पोलिसाने’. आज मात्र हौदाच्या जागी आलेल्या टँकरचे ‘टँकरात’ न होता ‘टँकरमध्ये’ होते. दोन्ही शब्द परकीयच. बदलली ती बोलणाऱ्यांची सवय.

शिवाय ही सवय केवळ इंग्रजी शब्दांपुरती नाही. ‘नाशकात’ऐवजी ‘नाशिकमध्ये’, ‘रामाला’ऐवजी ‘रामला’ ही रूपे देशी नामांचीच आहेत. प्रत्यय थेट जोडण्याची एक वाट मराठीत पूर्वीपासून होती, याचा पुरावा ‘कात्रजचा’ या रूपात मिळतो. ‘मिरजेचा’ होते, तसे ‘कात्रजेचा’ होत नाही. ‘घरचा’ आणि ‘घराचा’, ‘गावचा’ आणि ‘गावाचा’ या जोड्या पाहिल्या म्हणजे या वाटेचे प्रयोजन ध्यानात येते. घरचा माणूस, पण घराचा दरवाजा. गावचा पाटील, पण गावाचा नकाशा. पहिले रूप तेथला असल्याचे सांगते, दुसरे वस्तूशी असलेला संबंध. इंग्रजी शब्दांच्या गर्दीने ही अरुंद वाट रुंद केली. ती नव्याने पाडली नाही.

दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत मराठी व्याकरणविचाराने मोठा पल्ला गाठला. त्या परंपरेचे बळ रूपांमागील भेद शोधण्यात आहे. आजच्या प्रयोगांची परीक्षाही त्याच कसोटीवर व्हावयास हवी. ‘टेबलवर’ म्हटल्याने अर्थाचा कोणताही भेद बुडत नाही. ‘घरचा’ आणि ‘घराचा’ एक झाले तर बुडतो. ‘बसगाड्या’ सोडून ‘बसेस’ म्हणताना तर शब्दाबरोबर परक्या भाषेचा अनेकवचनी प्रत्ययही येतो, आणि ती बाब निव्वळ शब्दाच्या उसनवारीहून गंभीर आहे. या तिन्हींस एकाच तांबड्या शाईने ‘अशुद्ध’ ठरविणारा परीक्षक विद्यार्थ्यास व्याकरण शिकवीत नाही. कात्रजचा घाट मात्र दाखवितो.