आकाशाचा मक्ता

सप्टेंबर १६०८ च्या अखेरीस मिडलबर्गचा चष्मेवाला हान्स लिपरहे द हेगमध्ये आला, तेव्हा गाव परक्या पाहुण्यांनी गजबजलेलं होतं. स्पेनबरोबर चाळीस वर्षं चाललेलं युद्ध थांबवण्याची बोलणी तिथे सुरू होती. स्पेनचा सेनापती स्पिनोला त्यासाठी स्वतः मुक्काम ठोकून होता, आणि सयामच्या राजाचे वकीलही त्याच महिन्यात दाखल झाले होते. लिपरहेनं सोबत आणलेली नळी डच सेनेचा प्रमुख राजपुत्र मॉरिस याला दाखवण्यात आली आणि स्पिनोलाच्याही हाती पडली. यापुढे शत्रू आपल्याला लांबूनच हेरणार, हे त्या मुरब्बी सेनापतीनं लगेच ओळखलं.

त्या सुमाराला द हेगमध्ये सयामी वकिलातीची हकिगत सांगणारं एक छोटं वृत्तपत्रक छापलं गेलं. त्याच्या शेवटी या नळीची बातमी होती. द हेगच्या मनोऱ्यावरून दीड तासाच्या वाटेवरच्या डेल्फ्टचं घड्याळ दिसतं, साडेतीन तासांच्या वाटेवरच्या लायडनच्या चर्चच्या खिडक्या दिसतात, आणि एरवी डोळ्यांना न दिसणारे तारेसुद्धा दिसतात, असं त्यात म्हटलं होतं. वकिलांच्या टपालातून बातमी युरोपभर पसरली. नोव्हेंबरपर्यंत ती व्हेनिसमध्ये पोचली होती, आणि पुढच्या उन्हाळ्यात गॅलिलिओ स्वतःची दुर्बीण बनवत होता.

लिपरहेला मात्र आकाशाशी देणंघेणं नव्हतं. त्याला हवा होता मक्ता. २ ऑक्टोबरला त्याचा अर्ज डच संघराज्याच्या प्रतिनिधी सभेपुढे आला. तीस वर्षं दुसऱ्या कुणी हे यंत्र बनवू नये, किंवा आपल्याला सालाना तनखा मिळावा, अशी त्याची मागणी होती. सभेनं यंत्र तपासायला समिती नेमली आणि दोन्ही डोळ्यांनी बघता येईल अशी जोडनळी करून आणायला सांगितलं. पण पंधरवड्यात आल्कमारच्या याकोब मेतियुसचा तसाच अर्ज आला. झीलंडमधल्या आणखी एकाला ही कला येते, असंही कळलं. एका नळीत दोन भिंगं बसवायची युक्ती लपवणार तरी कशी? डिसेंबरमध्ये सभेनं मक्ता नाकारला. जोडनळ्यांचे ९०० गिल्डर मात्र लिपरहेला मिळाले.

आकाशाच्या अभ्यासाला असा अर्जविनंत्यांचा वास तोवर फारसा नव्हता. ग्रीकांचं खगोलशास्त्र उघड्या डोळ्यांचं आणि भूमितीचं होतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हिप्पार्कसनं ताऱ्यांची यादी केली. पुढे सुमारे तीनशे वर्षांनी अलेक्झांड्रियात टॉलेमीनं पृथ्वी मध्याशी धरून ग्रहांच्या वाटा वर्तुळांवर वर्तुळं चढवून मांडल्या. १५४३ मध्ये कोपर्निकसनं सूर्य मध्याशी आणला, तरी त्याची सामग्री तीच होती : डोळा, कोन आणि गणित. काच आणि पितळ घडवणारे कारागीर या शास्त्राच्या मध्यभागी आले ते सतराव्या शतकात, आणि त्या बदलाचा मोठा भाग विद्यापीठ नसलेल्या द हेगमध्ये घडला. विद्यापीठ होतं शेजारच्या लायडनला. द हेगमध्ये दरबार होता, सभा होती, वकील होते, छापखाने होते आणि दरबारी गिऱ्हाइकांवर जगणारे कसबी लोक होते.

अशाच दरबारी घरात १४ एप्रिल १६२९ रोजी ख्रिस्तियान हायगेन्स जन्मला. आपल्याकडे शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्याच्या दहा महिने आधी. वडील कोन्स्टान्टाइन हे कवी आणि ऑरेंज घराण्याच्या राजपुत्रांचे चिटणीस. देकार्तसारख्या तत्त्वज्ञांची त्यांच्याकडे ऊठबस. मुलानं वकिलातीच्या खात्यात जावं अशी त्यांची इच्छा होती, पण पोराचा कल ओळखून ते त्याला ‘माझा आर्किमिडीज’ म्हणू लागले. हे नुसतं कौतुक नव्हतं. तरंगणाऱ्या वस्तू आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ हे आर्किमिडीजचेच विषय ख्रिस्तियाननं विशीत हाती घेतले. ९६ बाजूंच्या बहुभुजाकृतीतून आर्किमिडीजनं ‘पाय’ची किंमत काढली होती, हायगेन्सनं तितकाच अचूकपणा कितीतरी कमी बाजूंत साधला.

मग हा गणिती भिंगं घासायला बसला. सोबत थोरला भाऊ, वडिलांच्याच नावाचा कोन्स्टान्टाइन. बाजारात मिळणाऱ्या भिंगांवर दोघांचा भरवसा नव्हता. बारा फुटी नळीची, सुमारे ४३ पट मोठं दाखवणारी दुर्बीण तयार झाली आणि २५ मार्च १६५५ रोजी ख्रिस्तियानला शनीजवळ एक ठिपका दिसला. पुढच्या रात्रींत तो शनीबरोबर सरकत राहिला, सोळा दिवसांत प्रदक्षिणा पुरी करत राहिला. शनीचा हा पहिला सापडलेला चंद्र. टायटन हे नाव त्याला एकोणिसाव्या शतकात मिळालं.

शनीनं त्याआधी गॅलिलिओला चांगलंच चकवलं होतं. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे दिसले आणि १६१२ मध्ये ते नाहीसे झाले. नंतरच्या निरीक्षकांना तिथे कान दिसले, कड्या दिसल्या. हायगेन्सनं ओळखलं, की ते शनीभोवतीचं एक पातळ, चपटं कडं आहे. ते शनीला कुठेही चिकटलेलं नाही, आणि ते कललेलं असल्यामुळे शनीच्या साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत दोनदा आपल्याला फक्त त्याची धार दिसते, म्हणजे जवळपास काहीच दिसत नाही. पण हे त्यानं सरळ जाहीर केलं नाही. १६५६ मध्ये चंद्राबद्दलची पत्रिका छापताना त्यात कड्याचं उत्तर अक्षरांची उलटापालट करून दडवलं. दुसऱ्या कुणी तोच दावा केला तर आपण आधी हे दाखवता यावं, म्हणून. खुलासा केला १६५९ मध्ये, द हेगमध्येच छापलेल्या ‘सिस्टेमा सॅटर्नियम’ या पुस्तकात. प्रतापगडाखाली अफझलखान पडला ते हेच वर्ष. मक्ता सभेकडून मिळो वा कोड्यात दडवलेला असो, ‘हे आधी माझं’ असा शिक्का मारून ठेवण्याची गरज आता आकाशातल्या गोष्टींनाही लागली होती.

चंद्राची फेरी मोजायची तर वेळ नीट मोजता यायला हवी. लग्नाच्या मुहूर्तासाठी पाण्यात सोडायचं आपलं घटिकापात्र २४ मिनिटांत बुडायचं; युरोपातली वजनांवर चालणारी घड्याळं दिवसाकाठी पाव तास इकडचं तिकडे करायची. लंबकाचा झोका जवळपास सारखा वेळ घेतो, हे गॅलिलिओनं हेरलं होतं. डिसेंबर १६५६ मध्ये हायगेन्सनं घड्याळाच्या चाकांना लंबकाची लय पाळायला लावली, आणि चूक दिवसाला दहा-पंधरा सेकंदांवर आली. घड्याळ घडवलं द हेगच्याच सालोमन कोस्टरनं. १६ जून १६५७ रोजी सभेनं कोस्टरला २१ वर्षांचा मक्ता दिला. लिपरहेला ज्या दारातून परत पाठवलं, त्याच दारात या वेळी शिक्कामोर्तब झालं.

त्यानं भांडणं मात्र थांबली नाहीत. रॉटरडॅमच्या सिमॉन डाउनं स्वतःचं घड्याळ पुढे केलं. फ्लॉरेन्सहून राजपुत्र लिओपोल्डनं लंबकाची मूळ कल्पना गॅलिलिओची असल्याचं कळवलं. घड्याळं मात्र भराभर पसरत गेली. १६५८ मध्ये शेजारच्या स्खेव्हेनिंगन गावातल्या चर्चच्या मनोऱ्यावर लंबक लागला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये अशा घड्याळांची जाहिरात छापली गेली. कोस्टरच्या हाताखाली काम केलेल्या योहान फ्रोमान्टीलच्या घराण्यानं ती कला तिकडे नेली होती. १६५७ सालाचं कोस्टरचं एक घड्याळ आज लायडनच्या बुरहाव्हे संग्रहालयात आहे.

सगळ्यात मोठं बक्षीस समुद्रावर होतं. जहाज पूर्व-पश्चिम नेमकं कुठे आहे हे कळायला निघाल्या बंदराची वेळ बरोबर असावी लागते, आणि ज्यांच्या वखारी पार वेंगुर्ल्यापर्यंत होत्या त्या डचांना याची किंमत सांगायला नको होती. अशाच सागरी घड्याळांची तयारी चालू असताना, फेब्रुवारी १६६५ मध्ये हायगेन्स आजारी पडून द हेगच्या घरी खाटेवर होता. समोर एकाच आधारावर दोन घड्याळं टांगलेली होती. त्यांचे लंबक सारखे एकमेकांच्या उलट झुलत होते. त्यानं मुद्दाम ताल बिघडवला तरी अर्ध्या तासात ते परत जुळत. दोन्ही घड्याळं आधाराला हलवत होती आणि त्या अदृश्य हालचालीतून एकमेकांना आवरत होती. हायगेन्सनं हे पत्रांतून कळवलं. आज आपोआप जुळणाऱ्या लयींच्या शास्त्राची सुरुवात इथूनच सांगतात. पण यातून एक अडचणही उघड झाली. इतक्या बारीक धक्क्यानं बदलणारा लंबक वादळी समुद्रावर टिकणार कसा? तो टिकलाही नाही. रेखांशाचं कोडं अठराव्या शतकात इंग्रज जॉन हॅरिसननं स्प्रिंगच्या घड्याळानं सोडवलं.

१६६६ ते १६८१ अशी वर्षं हायगेन्सनं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत काढली. प्रकाश लाटेसारखा पुढे सरकतो हा सिद्धांत तिथे मांडला, पण पुस्तक छापलं १६९० मध्ये, लायडनला. शेवटची वर्षं द हेग आणि शेजारच्या फोरबुर्खमधली वडिलांची हॉफवाइक ही वाडी यांत गेली. ८ जुलै १६९५ रोजी तो द हेगमध्येच वारला. इतर ग्रहांवरच्या वस्तीबद्दलचं त्याचं ‘कॉस्मोथेओरोस’ १६९८ मध्ये तिथेच छापलं गेलं. ते ज्याला उद्देशून लिहिलं होतं तो भाऊ कोन्स्टान्टाइन तोवर हयात नव्हता.

प्लाइन चौकातलं हायगेन्स घराण्याचं घर १८७६ मध्ये न्याय मंत्रालयाच्या इमारतीसाठी पाडलं. हॉफवाइक टिकली आणि आता तिथे संग्रहालय आहे. आपली हस्तलिखितं ख्रिस्तियाननं लायडन विद्यापीठाला दिली होती. ती पत्रांसह छापायचं काम १८८८ मध्ये द हेगच्या मार्टिनस नाइहॉफ या प्रकाशकाकडे सुरू झालं. बाविसावा आणि शेवटचा खंड आला १९५० मध्ये. कुठला विचार त्याला कधी सुचला, कुठलं मोजमाप कोणत्या रात्री झालं, हे तारीखवार दाखवता येतं ते या खंडांमुळे, आणि आधी कोण या जुन्या तंट्यांत इतिहासकार आजही तेच उघडतात.