ऑटोवर टाकणे
१. शिरूर-दौंडकडे मोटारीच्या स्टार्टरला ‘ऑटो’ बसवतात. रात्री थ्री फेज लाइट आली की मोटार आपली आपण सुरू होते. बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागत नाही. हा शब्द लिनक्सवरच्या देखरेख-सेवेलाही चपखल बसतो. तिथे मात्र दोन कामं वेगळी. ‘सिस्टमसीटीएल इनेबल’ केलं की सेवा यंत्राबरोबर उठते; मधेच पडली तर उठवायला ‘रीस्टार्ट=ऑलवेज’ ही ओळ लागते. काही न सांगितल्यास सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा सांभाळणारी प्रणाली) पुन्हा उठवण्याआधी १०० मिलिसेकंदच थांबते, आणि १० सेकंदांत ५ वेळा उठवूनही सेवा पडली की नाद सोडते. म्हणून ही थांबण्याची वेळ, ‘रीस्टार्टसेक’, ५ सेकंद तरी ठेवावी. ऑटोतही टायमर असतोच. कारण सगळ्या मोटारी एकदम उठल्या तर डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज जातो. — सं.