जॅक रसेल टेरियर

जॅक रसेल टेरियर ही मूळची इंग्लंडमधील, लहान चणीची आणि अत्यंत चपळ अशी कुत्र्यांची जात आहे. बिळात लपलेल्या खोकडाला हुसकावून बाहेर काढणे हे तिचे मूळ काम होय. आज ही जात मुख्यतः घरगुती सोबती म्हणून पाळली जाते. तिच्याविषयी पालक ज्या तक्रारी करतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या जुन्या कामात आढळते.

इतिहास

‘टेरियर’ हा शब्द जमीन या अर्थाच्या ‘टेरा’ या लॅटिन शब्दापासून आला आहे. जमिनीखाली शिरून शिकार हुडकणाऱ्या कुत्र्यांना तो लावला जातो. डेव्हन काउंटीतील स्विमब्रिज येथील धर्मोपदेशक जॉन उर्फ जॅक रसेल (१७९५–१८८३) यांच्या नावावरून ही जात ओळखली जाते. ऑक्सफर्ड येथे शिकत असताना १८१९ मध्ये त्यांनी एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची टेरियर मादी विकत घेतली. तिचे अंग पांढरे असून डोळे, कान व शेपटीचे मूळ येथे तपकिरी ठिपके होते. खोकडाला बिळातच ठार न मारता भुंकून बाहेर काढणारा कुत्रा रसेल यांना हवा होता, कारण पुढील पाठलाग घोडेस्वार आणि शिकारी कुत्र्यांचा कळप करीत असे.

या जातीचा पुढील विकास ऑस्ट्रेलियात झाला. तेथे १९७२ मध्ये तिचा क्लब स्थापन झाला. ब्रिटनच्या केनल क्लबने २०१६ मध्ये तिला मान्यता दिली. उंच पायांची पार्सन रसेल टेरियर ही तिची जवळची, परंतु स्वतंत्र जात आहे.

वर्णन

खांद्यापाशी उंची २५ ते ३० सेंमी आणि वजन साधारणतः ५ ते ६ किलोग्रॅम असते. शरीर उंचीपेक्षा किंचित लांब असते. छाती दोन्ही हातांच्या वेढ्यात मावावी, असा संकेत आहे. जाड छातीचा कुत्रा अरुंद बिळात अडकेल, हे त्यामागील कारण. रंग प्रामुख्याने पांढरा असून त्यावर काळे किंवा तपकिरी ठिपके असतात. केस गुळगुळीत, मध्यम राठ किंवा राठ असतात.

स्वभाव व संगोपन

बिळात शिरलेल्या कुत्र्याला मालकाची मदत मिळणे शक्य नसते. त्यामुळे धीट, चिवट आणि स्वतःच निर्णय घेणारे कुत्रे या कामासाठी निवडले गेले. बागेतील माती उकरणे, सतत भुंकणे, मांजर वा खारीमागे धावणे या सवयी म्हणजे त्याच गुणांची घरातील रूपे होत. केवळ शिक्षा करून त्या जात नाहीत. उलट कुत्रा भित्रा किंवा आक्रमक होण्याचा संभव असतो. त्या प्रवृत्तींना योग्य वाट करून देणे हा अधिक परिणामकारक उपाय ठरतो.

प्रौढ कुत्र्याला दररोज सुमारे एक तासाचा व्यायाम आवश्यक असतो. मात्र नुसते फिरवणे पुरेसे नसते. दडवलेला खाऊ वासाने शोधून काढणे, चेंडू आणणे, उकरण्यासाठी वाळूची वेगळी जागा देणे यांमुळे त्याची बुद्धी गुंतून राहते. शिकवण्याचे पाठ थोड्या मिनिटांचे असावेत आणि अनुकूल वर्तनाला तत्काळ बक्षीस द्यावे. शिकार दिसताच हाक ऐकू न आल्यासारखा तो धावत सुटतो. म्हणून रस्त्याजवळ त्याला मोकळे सोडू नये. ससे, पक्षी किंवा पांढरे उंदीर यांच्यासोबत त्याला एकटे ठेवणे धोक्याचे असते. लहान मुलांबरोबर असताना मोठ्या माणसाची देखरेख आवश्यक आहे. दिवसभर बंद घरात एकटा राहणारा कुत्रा नासधूस करू लागतो.

आहार व आरोग्य

देह लहान असल्याने थोडासा जादा आहारही वजन वाढवतो. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, परंतु उठून दिसू नयेत. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यांना विषारी ठरतात. राठ केसांतील मृत केस हाताने काढावे लागतात; गुळगुळीत केसांना नियमित ब्रश पुरतो.

गुडघ्याची वाटी सरकणे, जन्मजात बहिरेपणा आणि डोळ्यातील भिंग निसटणे हे विकार या जातीत आढळतात. डोळा अचानक लाल वा धूसर झाल्यास पशुवैद्याकडे त्वरित न्यावे, अन्यथा दृष्टी जाऊ शकते. उंदीर पकडण्याच्या सवयीमुळे लेप्टोस्पायरोसिसचा धोका संभवतो. पावसाळ्यात या रोगाचा प्रादुर्भाव होणाऱ्या मुंबई व कोकणात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. रेबीजबरोबरच या रोगाच्या लसीविषयीही पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. उन्हाळ्यात व्यायाम सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावा.

ब्रिटनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या जातीचे जन्मावेळचे सरासरी आयुर्मान १२.७ वर्षे, म्हणजे अभ्यासलेल्या जातींत सर्वाधिक आढळले. लहान आकार आणि आकर्षक रूप पाहून हा कुत्रा घेणाऱ्यांनी एवढी वर्षे दररोज वेळ देण्याची आपली तयारी आधीच पडताळून पाहणे इष्ट ठरते.